स्क्वायर क्लासिक व्हाइब फिफ्टीज टेलिकास्टर : नागपूरच्या तीन उन्हाळ्यांनंतर

गिटार घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलेल्या परीक्षणांवर माझा फारसा विश्वास नाही, कारण नव्या वाद्याच्या आनंदात त्याचा स्वभाव कळत नाही. नागपुरात तर मे महिन्यातला ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा आणि त्यापाठोपाठ येणारा ओला जुलै पाहिल्याशिवाय कोणत्याही लाकडी वाद्याविषयी मत देणे घाईचे ठरते. म्हणून स्क्वायरच्या ‘क्लासिक व्हाइब’ मालिकेतील, १९५० च्या दशकातल्या धर्तीवर बनवलेल्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारबद्दल मी तीन उन्हाळे थांबून लिहीत आहे.

याआधीच्या माझ्या इलेक्ट्रिक गिटारला तीन पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) होते, ते निवडायचा पाच जागांचा खटका होता आणि स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज, म्हणजे तारांचा अंगावरचा आधार, होता. अशा ब्रिजमध्ये एका बाजूने सहा तारा ओढत असतात, दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगा ओढत असतात आणि या दोन ताणांच्या तोलावर सगळे सूर उभे असतात. एक तार तुटली की स्प्रिंगांचा ओढा वरचढ होतो आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात. गणेशोत्सवात धरमपेठेतल्या एका कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला माझी तार तुटली, आणि पाच तारा शाबूत असूनही त्यांतली एकही हार्मोनियमशी जुळेना. उरलेले गाणे मी हात बांधून ऐकले. त्या रात्रीच मी ठरवले, की पुढच्या गिटारचा ब्रिज लाकडावर घट्ट बसवलेला असेल आणि तिच्यात मला न समजणारा एकही भाग नसेल.

त्या शोधात मी थेट पहिल्या पिढीच्या गिटारपर्यंत मागे गेलो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. ते स्वतः गिटार वाजवत नसत. मात्र बिघडलेली उपकरणे उघडून ती कशी बांधली असती तर दुरुस्तीला सोपी गेली असती, याचा विचार करण्याची सवय त्यांच्या हाताला होती. १९५० मध्ये त्यांनी एक पिकअप असलेली एस्क्वायर आणि दोन पिकअप असलेली ब्रॉडकास्टर बाजारात आणली. ग्रेच कंपनीच्या ड्रमचे नाव ब्रॉडकास्टरशी मिळतेजुळते असल्यामुळे तिने हरकत घेतली आणि १९५१ मध्ये हीच गिटार टेलिकास्टर झाली. तोवर चांगल्या गिटारची नेक, म्हणजे जिच्यावर बोटे ठेवतात ती लांब मान, सरसाने अंगाला चिकटवलेली असे. ती बिघडली की कसबी कारागीर शोधावा लागे. फेंडर यांनी सपाट लाकडी फळीचे अंग कापले, नेक वेगळी केली आणि ती चार स्क्रूंनी बसवली. नेक खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी लावा, इतका साधा हिशेब त्यामागे होता. कारागिरीच्या परंपरेत वाढलेल्या अनेकांना ही गिटार तेव्हा ओबडधोबड वाटली असेल, पण पंचाहत्तर वर्षांनंतरही तिच्या रेषेत फारसा बदल करावा लागलेला नाही, यातच तिच्या बांधणीचे मोल दिसते.

स्क्वायर हे फेंडर कंपनीचेच स्वस्त श्रेणीतले नाव आहे. मुळात तारा बनवणारी ही कंपनी फेंडरने १९६५ मध्ये विकत घेतली आणि १९८२ पासून जपानमध्ये बनणाऱ्या गिटारना तिचे नाव दिले. क्लासिक व्हाइब मालिका २००८ मध्ये सुरू झाली. माझी प्रत इंडोनेशियात बनलेली आहे, आणि अमेरिकेत बनलेल्या टेलिकास्टरच्या तुलनेत ती कितीतरी कमी पैशांत मिळते.

गिटारचा रंग लोण्यात परतलेल्या साखरेसारखा पिवळसर तपकिरी आहे, पिकगार्ड, म्हणजे अंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी, काळा आणि एकपदरी. अंग पाइनचे आहे. पाइन म्हटले की आपल्याकडे खोक्यांचे लाकूड डोळ्यांसमोर येते आणि दुकानात काही जण त्यावरून नाक मुरडतानाही मी पाहिले आहेत. परंतु फेंडर यांचे सुरुवातीचे नमुने पाइनचेच होते आणि ॲश लाकूड नंतर आले, हे लक्षात घेतले तर ही निवड केवळ काटकसरीची वाटत नाही. घरच्या काट्यावर माझ्या गिटारचे वजन सव्वातीन किलोच्या आसपास भरले. दोन तास उभे राहून वाजवल्यावर खांद्याला हा हलकेपणा जाणवतो.

अंगाच्या कडा मात्र चौकोनी आहेत. पोटाला टेकणारा भाग कोरून काढलेला नाही, हाताखालची कड उतरती केलेली नाही, आणि बसून बराच वेळ वाजवले तर मनगटाच्या मागे तिची खूण उमटते. जुन्या आराखड्याशी प्रामाणिक राहण्याची ही किंमत आहे. ती मला मान्य आहे, पण ज्यांना बसूनच वाजवायचे आहे त्यांनी दुकानात अर्धा तास गिटार मांडीवर घेऊन पाहावी.

नेक मेपलची आहे आणि पुढच्या बाजूला वेगळ्या लाकडाची फिंगरबोर्ड (बोटांखालची पट्टी) नाही. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर, आणि फ्रेट, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, २१. मूळ गिटारच्या फिंगरबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची होती. तेवढ्या गोलाईवर तार बरीच ओढली की ती वरच्या फ्रेटला अडून सूर मरतो. येथे ती त्रिज्या ९.५ इंच ठेवली आहे. शुद्धतावाद्यांना ही तडजोड वाटेल, मला ती या गिटारमधली सर्वांत शहाणी सुधारणा वाटते. मी भावगीते वाजवतो, मींड घेतल्याशिवाय ती गिटारवर गात नाहीत, आणि कोमल गंधारावरून मध्यमापर्यंत तार ओढून नेताना सूर मध्येच अडखळला तर सगळा भाव जातो. अरुंद आणि उंच फ्रेटमुळे बोट लाकडाला घासत नाही, त्यामुळे तार ओढतानाचा सूर बोटाच्या ताब्यात राहतो.

आता आवाजाविषयी. दोन पिकअप, तीन जागांचा खटका, एक व्हॉल्यूम आणि एक टोन, एवढीच सामग्री आहे. ब्रिजजवळचा पिकअप धातूच्या पट्टीत तिरका बसवलेला असतो आणि त्याचा आवाज धारदार, कोरडा, किंचित चावरा असतो. तबला, ढोलक आणि की-बोर्ड एकत्र वाजत असतानाही तो त्यांच्यातून वाट काढतो. नेककडच्या पिकअपवर धातूचे आवरण आहे आणि त्याचा आवाज गोल, थोडा झाकलेला येतो. टोनचा नॉब अर्ध्यावर आणला की भावगीताचा अंतरा त्यावर शांतपणे बसतो. खटका मध्ये ठेवला की दोन्ही पिकअप एकत्र वाजतात, आणि गायकाच्या मागे हलके कॉर्ड धरायला मी बहुतेक वेळा हीच जागा वापरतो. ही जोडणी आजच्या पद्धतीची आहे. १९५० च्या दशकातल्या बहुतेक टेलिकास्टरमध्ये खटक्यावर अशी एकत्र जागा नव्हती.

खरा शोध मला व्हॉल्यूमच्या नॉबने लावून दिला. आधीच्या गिटारवर आवाज बदलायचा म्हणजे मी खाली वाकून पायातले पेडल दाबत असे. टेलिकास्टरवर करंगळी सहज नॉबपर्यंत पोहोचते, आणि नॉब १० वरून ७ वर आणला की आवाज नुसता कमी होत नाही, त्याची धार उतरते आणि तो बोलका होतो. काही महिन्यांत माझी पेडले कपाटात गेली. वीस आवाज हाताशी असताना मी आवाज निवडण्यात वेळ घालवत होतो. तीनच आवाज उरल्यावर उजव्या हाताने तार कुठे छेडावी, ब्रिजजवळ की नेकच्या टोकाशी, नखाने की बोटाच्या पेराने, याकडे लक्ष गेले. रोलिंग स्टोन्स बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स आपल्या टेलिकास्टरची सहावी तार काढून पाचच तारांवर वाजवतात, हे वाचताना पूर्वी मला तो लहरीपणा वाटायचा. आता त्यामागचा विचार कळतो.

या पिकअपची एक अडचण मात्र नागपूरकरांनी नीट समजून घ्यावी. चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे हे एकेरी वेटोळे असते, आणि ते तारांची कंपने टिपते तसेच आसपासच्या विजेची गुणगुणही टिपते. ही गुणगुण मारण्यासाठी दोन उलट वेटोळ्यांचा हंबकर पिकअप गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तयार केला. टेलिकास्टरचा आराखडा त्याआधीचा आहे. मार्च ते जून आपल्या घरी कूलर अखंड चालतो, आणि त्याच्या मोटरीपासून चार फुटांवर बसून वाजवले तर अँपमधून (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून) भुंगा बसल्यासारखा आवाज येतो. कूलरपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसावे आणि अंग हळूहळू फिरवत न्यावे, एका विशिष्ट दिशेला गुणगुण बरीच उतरते. मी त्या जागी फरशीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवली आहे. तारांना हात लावल्यावर भुणभुण कमी होत असेल तर त्याचे कारण असे, की तारा ब्रिजमार्गे अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. म्हणूनच जुन्या वाड्यात किंवा मंडपात वाजवण्याआधी तिथले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. हा जिवाशी संबंधित प्रश्न आहे.

दुसरी अडचण सुराची आहे. ब्रिजवर सहा तारांसाठी तीनच सॅडल (तारा ज्यांवर टेकतात ते पुढेमागे सरकणारे तुकडे) आहेत, म्हणजे दोन तारांमागे एक. त्यामुळे प्रत्येक तारेची लांबी स्वतंत्रपणे जुळवता येत नाही. १९५० च्या दशकात तिसरी तारही गुंडाळीची (वर बारीक तार गुंडाळलेली) असे, आणि तीन सॅडलांचा हिशेब तिच्याशी बऱ्यापैकी जमत होता. आज आपण तिसरी तार साधी लावतो, म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या तारेत ओढाताण होते. बाराव्या फ्रेटवर दोन्ही एकाच वेळी तंतोतंत बसत नाहीत. एकट्याने वाजवताना हे कानाला फारसे खटकत नाही, पण हार्मोनियमच्या शेजारी बसलात तर खटकते. मी तिसरी तार अचूक ठेवून चौथीला किंचित तडजोड करायला लावली आहे. ज्यांना हे चालणार नाही त्यांच्यासाठी तिरक्या घडणीचे पितळी सॅडल वेगळे मिळतात.

दुसऱ्या वर्षी सरावाच्या खोलीत कोणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला, केबल लावायच्या जॅकला हिसका बसला आणि आतली वायर तुटली. केवळ गिटारचेच काम करणारा कारागीर माझ्या ओळखीत नव्हता, म्हणून मी गिटार घेऊन नागपूरच्या महाल भागात, आमच्या घरचा रेडिओ पूर्वी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी इलेक्ट्रिक गिटार कधी उघडलेली नव्हती. कंट्रोलच्या पट्टीचे दोन स्क्रू काढून त्यांनी ती उलटी केली, खटका, दोन पोटेन्शियोमीटर आणि एक कपॅसिटर पाहिले आणि म्हणाले, “येवढंच आहे काय? हे तं आपल्या रेडिओचंच टोन कंट्रोल होय न!” ते अगदी बरोबर होते. कपॅसिटरमार्गे वरच्या कंपनांना अर्थची वाट दाखवायची, हीच युक्ती जुन्या रेडिओतही असते. पाच मिनिटांत त्यांनी वायर सोल्डर करून दिली आणि वर खटक्याचे पॉइंटही साफ केले. फुलर्टनच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने आखलेली वस्तू महालातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला पहिल्याच नजरेत वाचता आली, याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला, आणि साध्या गिटारचे आकर्षण मला नेमके कशात वाटते याचे उत्तरही तिथेच मिळाले.

हवामानाच्या बाबतीत तीन वर्षांचा अनुभव चांगला आहे. कोरड्या दिवसांत लाकूड आक्रसते आणि नेक थोडी सरळ होते, त्यामुळे खालच्या फ्रेटवर तारा वाजताना घरघरतात. पावसाळ्यात ती पुन्हा पुढे वाकते आणि तारा उंच वाटू लागतात. नेकमधला लोखंडी दांडा वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि जुलैच्या अखेरीस, एक अष्टमांश फेऱ्याएवढा फिरवला की काम भागते. मूळ गिटारमध्ये त्यासाठी नेक सैल करावी लागे. येथे चावी हेडस्टॉकच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या) बाजूने लागते, ही मोठी सोय आहे. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नये आणि दुपारी बंद गाडीत तर मुळीच ठेवू नये.

जड, फाटका आवाज हवा असणाऱ्यांनी हंबकरची गिटार घ्यावी. या गिटारवर तो आवाज ओढूनताणून आणावा लागतो. पहिली गिटार घेणाऱ्यालाही मी ही सुचवीन, पण अँपसाठी पैसे वेगळे ठेवूनच, कारण वाईट अँपवर हिचा ब्रिज पिकअप कानाला टोचतो. शक्य असेल तर खरेदी एप्रिल-मेमध्ये करावी. सीताबर्डीच्या दुकानात गिटार हातात घेऊन नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात वरपासून खालपर्यंत फिरवून पाहावा. लाकूड सर्वाधिक आक्रसलेले असताना फ्रेटची टोके हाताला लागली नाहीत, तर ती पुढेही लागण्याची शक्यता कमी असते. त्यानंतर सहाव्या तारेपासून प्रत्येक तार पहिल्या फ्रेटपासून एकविसाव्यापर्यंत एकेक स्वर वाजवत जावे. अर्धा तास लागतो आणि दुकानदाराने घाई केली तरी तो अर्धा तास सोडू नये.