८०८५ ची निमॉनिक्स: फोड करून वाचली तर सोपी, फ्लॅगबाबत मात्र मुकी

इंटेलचा ८०८५ हा १९७६ सालचा प्रोसेसर. असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट सूचना देण्याची भाषा, शिकायला तो आजही उत्तम, आणि त्याचं बरंचसं श्रेय त्याच्या निमॉनिक्सना, म्हणजे सूचनांच्या छोट्या नावांना जातं. ऑपकोड (सूचनांचे आकडी कोड) २४६, पण नावं पाऊणशेच्या आसपास. तीही घोकायची गरज नाही, अक्षरांची फोड करायची.

सुरुवात शेवटच्या अक्षरापासून करा. एमव्हीआय, एडीआय, एसयूआय, सीपीआय यांतला 'आय' म्हणजे इमिजिएट: आकडा इन्स्ट्रक्शनमध्येच दिलेला. एलएक्सआयमध्ये एल म्हणजे लोड, एक्स म्हणजे रजिस्टरची (प्रोसेसरमधल्या एका बाइटच्या कप्प्यांची) जोडी, आय तोच. 'एलएक्सआय एच, २०५०एच' (शेवटचा एच म्हणजे हेक्स, सोळाच्या पायाचा आकडा) लिहिलं की मेमरीत २१, ५०, २० असे तीन बाइट बसतात. हाताने हेक्स भरताना पुष्कळजण २१, २०, ५० असं टाकतात आणि पॉइंटर, म्हणजे एचएल जोडीतला पत्ता, ५०२० वर जाऊन बसतो. खालचा बाइट आधी, हे नावावरून कळत नाही.

एलडीए आणि एलडीएएक्स दोन्ही मेमरीतला बाइट ए मध्ये (अॅक्युम्युलेटर या मुख्य रजिस्टरमध्ये) आणतात; फरक तोच 'एक्स'. पहिल्यात पत्ता पुढे लिहायचा, दुसऱ्यात तो बीसी किंवा डीई जोडीत असतो. एचएलसाठी एलडीएएक्स नाहीच; तिथे 'मूव्ह ए, एम', आणि एम म्हणजे एचएल दाखवेल ती मेमरी.

खरी तक्रार इथून पुढे. हाच 'एक्स' एक्ससीएचजीमध्ये अदलाबदल होतो आणि एक्सआरएमध्ये एक्सक्लुझिव्ह ऑर. त्याहून मोठा घोळ आरएलसी आणि आरएएलचा; दोन्ही ए मधले बिट डावीकडे फिरवतात. आरएलसीत 'सी' दिसतो म्हणून बिट कॅरीतून (बाहेर पडलेला बिट टिपणाऱ्या एका बिटाच्या खुणेतून, म्हणजे फ्लॅगमधून) फिरतो असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. आरएलसीत सातवा बिट थेट शून्याव्या जागी येतो, कॅरीत फक्त त्याची प्रत पडते. कॅरीतून नऊ बिटांचं चक्र फिरवतो तो आरएएल. सोळा बिटांची संख्या डावीकडे सरकवताना दुसऱ्या बाइटला आरएलसी लावली की वरचा बाइट हमखास चुकतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक डीसीआर आणि डीसीएक्सची. दोन्ही एकाने कमी करतात, नावं जुळी. पण डीसीआर झीरो फ्लॅग (उत्तर शून्य आलं का ते सांगणारी खूण) बदलतो, डीसीएक्स एकही फ्लॅग बदलत नाही. म्हणून २५६ फेऱ्यांसाठी बीसी जोडी घेऊन 'डीसीएक्स बी' आणि लगेच 'जेएनझेड' (शून्य नसेल तर जंप) लिहिलं, तर लूप एकतर पहिल्याच फेरीत सुटतो किंवा थांबतच नाही; आधीचा झीरो फ्लॅग जसा असेल तसं. उपाय असा: डीसीएक्स बी, मूव्ह ए बी, ओआरए सी (ए आणि सी यांचा ऑर), मग जेएनझेड. दोन्ही बाइट शून्य असतील तरच ओआरए शून्य देतो. यात ए पुसला जातो. तो वाचवायला पुश पीएसडब्ल्यू (ए आणि फ्लॅग एकत्र स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवर ठेवणारी सूचना) वापरू नका, कारण जेएनझेडच्या आधी पॉप केलं, म्हणजे ते परत काढलं की जुने फ्लॅगही परत येतात. डीसीएक्सनंतर ए आधी ई मध्ये ठेवा आणि ओआरए झाल्यावर 'मूव्ह ए, ई' करा. मूव्ह फ्लॅगला हात लावत नाही.

डीएए हे नाव मात्र अगदी चोख: डेसिमल अॅडजस्ट अॅक्युम्युलेटर. ३८ आणि ४५ बीसीडीत (प्रत्येक दशमान अंकाला चार बिट) मिळवले तर ए मध्ये ७डी येतं, डीएए त्यात ६ मिळवून ८३ करतो. फक्त बेरजेनंतरच वापरा, ८०८५ वर वजाबाकीनंतर उत्तर बिघडतं.

झायलॉगच्या झेड८० ने हीच कामं वेगळ्या नावांनी केली. मूव्ह, एमव्हीआय, एलएक्सआय, एलडीए सगळ्यांसाठी एकच एलडी, आणि मेमरीचा पत्ता कंसात. वाचायला ती पद्धत जास्त सुटसुटीत आहे, हे मान्य करावंच लागेल. पण दोन्हीकडचा कोड शेजारी ठेवून शिकणार असाल तर दोन नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. जेपी इंटेलकडे 'पॉझिटिव्ह असेल तर जंप', झायलॉगकडे साधी जंप. सीपी इंटेलकडे 'पॉझिटिव्ह असेल तर कॉल', झायलॉगकडे कम्पेअर.