आधी पैसे की आधी ओळख? ऑनलाइन लेखनकाम शोधताना

तुम्हाला बरं लिहिता येतं, मराठी-इंग्रजी दोन्ही चालतं आणि उघड फसवणूक ओळखता येते, इतकं धरून चालतो. रजिस्ट्रेशन फी मागणारे किंवा टायपिंगचं काम देऊन ‘९८ टक्के अचूकता भरली नाही’ म्हणत वकिलाची खोटी नोटीस धाडणारे, यांच्याबद्दल पुष्कळ सांगून झालंय. अडतं ते त्याच्या पुढे. खरं काम घ्यायचं कुठून? अपवर्क, फायव्हर अशा ऑनलाइन बाजारातून, की एजन्सी, प्रकाशक, कंपन्या थेट गाठून? माझं दोन्हीकडे येणंजाणं आहे.

दराचं म्हणाल तर थेट काम पुढे. मधे कुणी नाही, त्यामुळे कापाकापी नाही. फायव्हर २० टक्के ठेवून घेतं. अपवर्कवर २०२३ पासून सरसकट १० टक्के होते, २०२५ पासून नव्या करारांवर शून्य ते १५च्या दरम्यान कामागणिक ठरतात. शिवाय तिथे अर्ज करायलाच ‘कनेक्ट्स’ नावाची टोकनं खर्चावी लागतात, एक कनेक्ट १५ सेंटचा, आणि एका अर्जाला बरेच लागतात. डॉलर खात्यात येईपर्यंत विनिमय दरात थोडं आणखी झिजतं. कागदावर मांडलं तर बाजार महागच पडतो.

कामाच्या जातीतही फरक आहे. बाजारात मराठीसाठी जे निघतं ते बहुतेक अ‍ॅपमधली वाक्यं, सबटायटल्स, एआयला शिकवण्यासाठी लागणारे नमुने, मशीनने केलेल्या भाषांतराची डागडुजी. पोटापुरतं ठीक, पण नाव व्हावं असं त्यात फारसं नसतं. दिवाळी अंकाचा लेख, एखाद्या संस्थेची स्मरणिका, पुस्तकाचं भाषांतर, ऑडिओची संहिता ही कामं ओळखीतून आणि ईमेलमधूनच येतात. ज्यांना मुळात अशाच कामात रस आहे त्यांनी खालचा मजकूर जरा हातचं राखून वाचावा.

आता माझं घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो. पैसे मागणं.

थेट कामात लिहून दिलं, मंजूर झालं, बिल गेलं, की दुसरी नोकरी सुरू होते. एका बांधकाम व्यवसायातल्या कंपनीचं माहितीपत्रक मी केलं होतं. माणसं चांगली होती, मजकुराचं कौतुकही झालं. बिल पाठवल्यावर आधी कळलं की त्यावर पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या खरेदी आदेशाचा क्रमांक हवा. तो कुणीच दिलेला नव्हता. मग नंबर मिळाला, तर बिलाची तारीख जुनी झाली म्हणून नवं बिल. मग ‘साहेब टूरवर आहेत, सही राहिलीय.’ मग ‘या महिन्याची सायकल गेली, पुढच्यात घेतो.’ व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. ‘नमस्कार सर, सहज आठवण करून देत होतो’ या वाक्यातला ‘सहज’ ठेवावा की काढावा यावर जेवढा विचार मी केलाय, तेवढा माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीवरही केला नसेल. पैसे आले, पूर्ण आले. कुणी बुडवलं नाही. पण त्या काळात दुसऱ्या कामाला हात लावताना डोक्यात तेच.

याला कायदा आहे, नाही असं नाही. उद्यम ही लहान व्यावसायिकांसाठीची सरकारी नोंदणी मोफत होते आणि ती असली की २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं खरेदीदारावर बंधनकारक ठरतं. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. नोंदणी जरूर करा. बिलाच्या तळाशी तो क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सवाले किंचित सावरून बसतात, असा माझा समज आहे. पण ज्याने काम दिलं तो मित्राचा मेव्हणा असेल, तर तक्रार कोण करणार? भीड आडवी येतेच. टीडीएसचंही, म्हणजे बिलातून आधीच कापल्या जाणाऱ्या कराचंही बघावं लागतं. १० टक्के कापले म्हणतात, आणि करखात्याच्या संकेतस्थळावर बघितलं तर तिथे नोंद नाही. म्हणजे पुन्हा फोन.

बाजारात हे सगळं उलट क्रमाने होतं. अपवर्कवर ठरावीक रकमेचं काम असेल तर क्लायंट माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे पैसे आधी जमा करतो आणि ते मधल्या खात्यात राहतात. तुम्ही काम सादर केलं की त्याला तपासायला १४ दिवस, तेवढ्यात तो काहीच बोलला नाही तर रक्कम आपोआप मोकळी होते. पुढे पाच दिवस थांबलं की ती काढून घेता येते. कुणाला ‘सहज’ आठवण करावी लागत नाही. तासावरचं काम मात्र मी टाळतो. त्यात ट्रॅकर मधूनमधून स्क्रीनचे फोटो घेतो, आणि लेखकाचा निम्मा विचार खिडकीशी उभं राहून होतो.

अर्ज करण्यापूर्वी पाहायचं ते एवढंच, की क्लायंटचं पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आजवर त्याने किती खर्च केलाय, आणि टाकलेल्या कामांपैकी किती खरोखर दिलीयत. पहिल्याच निरोपात ‘टेलिग्रामवर या’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे सोडावं. बाहेर गेलात की जमा रकमेचं संरक्षण संपलं. नमुन्याचंही तसंच. अडीचशे-तीनशे शब्दांची चाचणी रास्त आहे, पण ‘नमुना’ म्हणून हजार-दीड हजार शब्द आले आणि मजकूर मधूनच सुरू होत असेल, तर एखादं अख्खं पुस्तक दहा उमेदवारांत वाटलं गेलं असण्याची शक्यता धरावी. हा प्रकार दोन्हीकडे चालतो.

मधला एक रस्ता आहे, तोही वाईट नाही. भाषांतर एजन्सीच्या पॅनेलवर जायचं. प्रोझ या भाषांतरकारांच्या जुन्या संकेतस्थळाच्या ब्लू बोर्डवर एजन्सीबरोबर पुन्हा काम कराल का, याला भाषांतरकारांनी पाचपैकी गुण दिलेले असतात. खाली पैसे वेळेवर मिळाले की नाही हेही लिहिलेलं सापडतं. चांगल्या एजन्सीचे पैसे तीस-पंचेचाळीस दिवसांनी येतात, पण सांगितल्या तारखेला येतात. दर मात्र हात आखडून.

कुणी विचारलंच, तर सुरुवात बाजारातून करा असं मी सुचवीन. पहिली कामं मिळवताना दमछाक होते, इंग्रजी लेखनात तर जास्तच, कारण बोली लावायला सगळं जग बसलेलं असतं. पण मिळालेल्या कामाचे पैसे डोळ्यांसमोर असतात, आणि माझ्यासारख्या भिडस्त माणसाला दहा-पंधरा टक्क्यांत हे स्वस्तच वाटतं. ज्याला फोनवर गोड बोलून वसुली जमते त्याचं गणित वेगळं. त्याने खुशाल थेट जावं, तो माझ्यापेक्षा जास्त कमावेल.

थेट कामं मी अजून घेतो, पण निम्मे पैसे आगाऊ मागतो. अपवर्कवर ‘डायरेक्ट कॉन्ट्रॅक्ट’ म्हणून सोय आहे, आपलाच क्लायंट तिथे नेऊन रक्कम आधी जमा करून घेता येते. मध्यंतरी एका ओळखीच्या गृहस्थांना ते सुचवलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, “कशाला त्या भानगडीत पडता? पैसे काय पळून चाललेत?” त्यांना मी दर जरा चढाच सांगितला.