रात्रीच्या आगीचे फोटो: ३५ मिमी एफ/१.४, ८५ एफ/१.८ की ७०-२०० एफ/२.८?

पैसे एकाच लेन्सपुरते असतील तर आधी एवढंच ठरवा: अग्निशमन दलाचे जवान पाण्याचा मारा करत असताना तुम्ही त्यांच्यापासून किती मीटरवर उभे असणार? अ‍ॅपर्चरचा आकडा (एफ/ नंतरचा; तो जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) त्यानंतर बघा. खाली सगळे हिशेब फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्याचे आहेत.

कागदावर ३५ मिमी सरळ जिंकते. एफ/२.८ पेक्षा दोन स्टॉप जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). म्हणजे १/२५० सेकंद शटरला झूमवर, म्हणजे ७०-२०० वर, १२,८०० आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे, म्हणजे ग्रेन, येतो) लागत असेल, तिथे हिचं ३,२०० वर भागतं. तीन-चार मीटरवर, बंबाच्या बाजूला सिलिंडर बदलणारे, हेल्मेट काढून पाणी पिणारे चेहरे टिपायला हिला तोड नाही. पण ३ मीटरवर एफ/१.४ ला फोकसची खोली (जेवढ्या अंतरातलं स्पष्ट येतं ती) जेमतेम ६० सेंमी. नोझल धरलेला जवान लख्ख येतो आणि मागे होज (पाण्याचा पाइप) सावरणारा मऊ पडतो. दोघं हवेत म्हणून एफ/२ वर गेलात की एक स्टॉप तिथेच गेला.

आता २० मीटरवर या. तिथून ३५ च्या आडव्या फ्रेमची उंची साधारण १४ मीटर, त्यात जवान जेमतेम आठवा हिस्सा. झूमच्या २०० मिमी टोकाइतकं जवळ आणायला क्रॉप केलंत (फोटो कापलात) तर २४ मेगापिक्सेलमधले ०.७ उरतात. उजेडाचाही हिशेब उलटतो. ३५ ला १.४ ने भागा, उजेड आत येण्याचं तोंड २५ मिमीचं. २०० ला २.८ ने भागा, ७१ मिमी. म्हणजे त्याच जवानावरून येणारा उजेड झूम जवळपास आठपट गोळा करते. १२,८०० चा ग्रेन दिसेल, पण क्रॉप केलेल्या ३,२०० पेक्षा तो कितीतरी बरा. शिवाय २०० वर एफ/२.८ ला खोली पावणेदोन मीटरच्या आसपास, त्यामुळे पुढचा-मागचा दोघंही बसतात.

झूमची खोट वजनात आणि किमतीत. आणखी एक गैरसमज: लेन्समधलं स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताचा थरकाप थोपवतं, जवानाची हालचाल नाही. चालता माणूस १/२५०, पाण्याचे थेंब गोठवायचे तर १/५०० च्या पुढे. तिथे सूट नाही.

८५ एफ/१.८ कडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. तोंड ४७ मिमी, लांबून ३५ पेक्षा साडेतीनपट उजेड, वजनाला आणि खिशाला हलकी. १० मीटरवर उभा माणूस आडव्या फ्रेममध्ये थोडी जागा ठेवून बसतो. लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडून, आठ ते बारा मीटरवरून काम करणार असाल तर हीच घ्या.

फ्लॅशचे पैसे वाचवा. जवानांच्या कोटावरच्या परावर्तक पट्ट्या उजेड आला त्याच दिशेने परत फेकतात. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने पट्ट्या पांढऱ्याफटक, चेहरा काळा, आणि मधल्या धुराची भिंत. वापरायचाच तर लेन्सपासून मीटरभर बाजूला धरा, जवानाच्या डोळ्यांवर रोखू नका.

लेन्स कुठलीही असो, धुरात ऑटोफोकस मागेपुढे शोधत राहतो. मधला एकच पॉइंट हेल्मेटच्या कडेवर किंवा पट्टीवर ठेवा, कॅमेऱ्याचा फोकस-दिवा बंद करा. ज्वाळेत लाल रंग आधी जळतो (उजेड जास्त होऊन त्यातला तपशील जातो) आणि साध्या हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) ते कळत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम बघा, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवलात तर आगीचा नारिंगी रंग फिका पडू शकतो, म्हणून तो डेलाइटवर ठेवा. बंबाचे एलईडी दिवे लुकलुकतात, म्हणून मेकॅनिकल शटर आणि तीन-चार फ्रेमचा बर्स्ट. एकीत चेहऱ्यावर दिव्याचा उजेड असतो, पुढचीत अंधार.

आणि दोन लेन्स घेतल्याच, तर जागेवर बदलायच्या भानगडीत पडू नका. हवेत राख आणि पाण्याचे तुषार असतात, सेन्सर उघडा पडला की दोन्ही आत जातात.