आयएफटी-अल्ट्रासाउंड कॉम्बो मशीन: दर्यापूरकडच्या सेंटरवर वापरल्यानंतर

सोयाबीनच्या सोंगणीपासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत हे मशीन आमच्या फिजिओथेरपी सेंटरवर रोज चाललं. चार इलेक्ट्रोडचं आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या दोन करंटचा उपचार) आणि १ व ३ मेगाहर्ट्झचं अल्ट्रासाउंड (दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचा उपचार) एकाच डब्यात. मशीन चांगलं आहे, पण खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या आमच्या भागात, ते चालवायचं तर अर्थिंग आणि पाणी या दोन गोष्टींकडे आधी बघा.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगच्या प्लेटपासून सुटते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर दिसलं तर खड्ड्यात पाणी सोडा, तरी उतरलं नाही तर वायरमनला दाखवा आणि तोवर पेशंटला मशीन लावू नका. लाईन जाऊन परत आली की हे मशीन शून्यावरूनच सुरू होतं, ही मोठी सोय. जुन्या नॉबवाल्या मशीनवर मात्र लाईन जाताच नॉब हाताने शून्यावर आणा, नाहीतर लाईन आल्यावर पेशंटला जोराचा झटका बसू शकतो.

बोअरच्या खाऱ्या पाण्यात इलेक्ट्रोडखालचे स्पंज भिजवले की वाळल्यावर क्षार धरून कडक होतात. मग करंट सगळ्या स्पंजभर न पसरता एका कोपऱ्यातून जातो आणि पेशंट ‘टोचते’ म्हणतो. पिनांवर हिरवा गंजही चढतो. नळयोजनेचं पाणी वापरा. दिवसाचं काम आटोपलं की स्पंज धुऊन, पिळून सावलीत वाळवा.

आयएफटीत एका चॅनलवर (एका रंगाच्या वायरींच्या जोडीवर) ४००० आणि दुसऱ्यावर ४१०० हर्ट्झ दिलं की दोन्ही छेदतात तिथे १०० हर्ट्झचा परिणाम मिळतो. म्हणून एका रंगाच्या दोन्ही वायरी कमरेच्या एकाच बाजूला लावल्या तर काही उपयोग नाही. एक चॅनल वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे, दुसरा त्याला आडवा छेदत, आणि दुखरी जागा मधोमध. वेळ १५-२० मिनिटं. मुंग्या जोरात पण सोसवतील इतक्याच. पाच मिनिटांत सवय होते आणि ‘वाढवा ना जी, काई लागून नाई राह्यलं’ सुरू होतं. तेव्हा करंट वाढवत बसण्यापेक्षा सुरुवातीलाच स्वीप (हर्ट्झ आपोआप कमी-जास्त होत राहणं) चालू ठेवा, ८० ते १२० हर्ट्झ.

लावण्याआधी त्वचेची संवेदना तपासाच. मधुमेहात आणि कुष्ठरोगात कातडी बधिर असू शकते आणि पेशंटला ते माहीतही नसतं. टोकदार-बोथट ओळखता आलं नाही तर त्या जागी आयएफटीही नको आणि अल्ट्रासाउंडही नको, भाजलं तरी तो सांगणार नाही. पेसमेकर असेल, जागेवर कॅन्सर असेल, पायाच्या शिरेत गुठळीची शंका असेल, तरीही नाहीच. गरोदर बाईच्या कमरेला-पोटाला आणि कोणाच्याही गळ्याच्या पुढच्या भागाला लावू नये.

अल्ट्रासाउंडचं हेड, म्हणजे कातडीवर फिरवायचा भाग, रोज सकाळी तपासा. हेड उलटं धरून वर पाण्याचे चार थेंब टाका आणि आउटपुट क्षणभर चालू करा. थेंब थरथरून तुषार उडाले तर ठीक. कोरडं हेड हवेत चालू ठेवलं तर तापून आतलं लहरी तयार करणारं क्रिस्टल बिघडतं. खांद्याच्या जुनाट दुखण्याला १ मेगाहर्ट्झ, पल्स १:४ (एक भाग चालू, चार भाग बंद), ०.८ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर, ५ मिनिटं, हात सतत फिरता. जेलऐवजी दुखण्याचं मलम लावून करा असा आग्रह होतो, पण बऱ्याच मलमांतून लहरी नीट जात नाहीत.

आता नेमकी अपेक्षा. कंबरदुखीसाठी ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत अल्ट्रासाउंड, टेन्स (कातडीवरून नसांना सौम्य करंट देणं) आणि आयएफटी देऊ नये असं म्हटलं आहे. तरी आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बायांची कंबर आयएफटीने तासाभरासाठी हलकी होते, तेवढ्यात व्यायाम करून घेता येतो. व्यायाम न देता नुसता करंट लावून घरी पाठवणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं.

वायरी मात्र कच्च्या निघाल्या. पिनेच्या मानेशी तुटतात, आवरण साबूत दिसतं आणि आत तार गेलेली असते. वायर हलवल्यावर करंट येतो-जातो, तर तीच वायर बदला. जादा जोडी मशीनसोबतच मागून घ्या आणि वायरी गुंडाळताना मानेशी वाकवू नका.