गव्हाणी घुबडाची तयार पेटी: लाकूड चांगलं, दार चुकीच्या जागी

ढोल्यांची जुनी झाडं तोडून शेतं सलग झाली आणि गव्हाणी घुबडाचं घर गेलं. उंदीर मात्र वाढले. घुबडाला परत आणायचं तर पेटी टांगणं हा साधा उपाय आहे. त्यासाठी मिळणारी ही १२ मिमी प्लायवूडची पेटी मजबूत आहे. तळ ६० × ४० सेंमी, म्हणजे पाच-सहा पिल्लांना पुरेसा. उतरतं छप्पर पुढे आलेलं आहे, तळाला निचऱ्याची भोकंही आहेत.

खोट दारात आहे. १३ सेंमीचं चौकोनी दार मापाला बरोबर, पण ते तळापासून जेमतेम २० सेंमीवर कापलंय. हे अंतर किमान ४५ सेंमी हवं. पिल्लं उडायला साधारण आठ आठवडे लागतात, पण भुकेली पिल्लं त्याआधीच दाराशी रेटारेटी करतात. खाली पडलेल्या पिल्लाला आईबाप बहुधा भरवत नाहीत; ते तिथेच उपाशी मरतं. पेटी आतून ७० सेंमी उंच असल्यामुळे दुरुस्ती जमते: खालचं दार प्लायच्या तुकड्याने आतून स्क्रू मारून बंद करा आणि वर नवं कापा. दाराबाहेर काठ असलेली रुंद फळी बसवली, तर पिल्लांना पंख फडफडवायला सुरक्षित जागा मिळते. करवत चालवायची तयारी नसेल, तर ही पेटी घेऊ नका.

सोबतच्या पत्रकात पेंढा अंथरायला सांगितलंय. गरज नाही, मादी स्वतःच्या उलटीच्या, म्हणजे न पचलेल्या हाडा-केसांच्या, गोळ्यांवर अंडी घालते. पेटी किमान ३ मीटर उंचीवर, दार पावसाच्या झोताकडे न करता लावा. खांबावर असेल तर मांजर चढू नये म्हणून गुळगुळीत पत्रा गुंडाळा. वेगवान महामार्गापासून किमान १ किमी लांब राहा, कारण जमिनीलगत उडणारी ही घुबडं गाड्यांवर आदळतात.

उंदरांच्या विषाबद्दल पत्रकात एक ओळही नाही, हे आम्हाला सर्वांत खटकलं. ब्रोमॅडिओलोन किंवा ब्रोडिफॅकूम ही उंदीरनाशकं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंदावलेला, उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या हाती सहज लागतो. विष मग घुबडाच्या यकृतात साठत जातं. त्यामुळे आधी अशी आमिषं पूर्ण बंद करा, मगच पेटी टांगा.

मागची झडप सफाईला सोयीची आहे. ती विणीचा हंगाम संपल्यावरच, तोंडाला मास्क लावून उघडा.