बॉक्सवरचा नंबर जुळला, फोनचा नाही

नंबर मी तपासला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला ज्याला हा प्रकार सांगितला त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: "अगं, पण सिरियल नंबर नाही का बघितलास?" बघितला. वेबसाइटवर टाकून बघितला, बॉक्सशी जुळवून बघितला, त्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला. आणि तरीही चोरीचा फोन रोख पैसे मोजून घरी आणला.

भाच्याला फोन हवा होता. नवा परवडणारा नव्हता, म्हणून वापरलेला बघायचं ठरलं. एक जाहिरात दिसली. सात महिने वापरलेला, बिल आहे, बॉक्स आहे, वॉरंटी शिल्लक. भाव बाजारापेक्षा कमी होता, पण संशय यावा इतका कमी नव्हता. त्या माणसाचं खरं कसब इथेच. फोन मातीमोल भावात देतोय असं दिसलं असतं तर मी त्या वाटेला गेलेच नसते.

मी बॉक्सवरच्या स्टिकरचा फोटो मागितला. दोन मिनिटांत आला. सिरियल नंबर, त्याखाली दोन आयएमईआय, म्हणजे मोबाइल नेटवर्क फोनला ज्यावरून ओळखतं ते नंबर (फोन दोन सिमचा, म्हणून नंबरही दोन), मॉडेल, रंग, स्टोरेज. सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला तर 'नंबर चुकीचा आहे' असं आलं. शून्याच्या जागी मी इंग्रजी ओ टाकला होता. सुधारून टाकल्यावर मॉडेल बरोबर निघालं आणि वॉरंटी अजून पाच महिने. स्वतःची चूक स्वतःच शोधल्यामुळे मला उगाचच आपण फार चौकस आहोत असं वाटायला लागलं.

भेट वर्दळीच्या ठिकाणी, संध्याकाळी. माणूस वेळेवर आला, बोलायला गोड. "ताई, निवांत चेक करा, मला काही घाई नाही." कॅमेरा बघितला, स्पीकर बघितला, चार्जर लावून बघितला. मग म्हटलं, सेटिंगमधला नंबर दाखवा. "हो, दाखवतो की," म्हणत त्याने फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. 'फोनविषयी' हे पान उघडं. सिरियल नंबर, खाली दोन्ही आयएमईआय. मी बॉक्स शेजारी धरून एकेक अक्षर जुळवलं. तंतोतंत. पुरावा असावा म्हणून माझ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला. मग तो म्हणाला, "माझे फोटो वगैरे आहेत, रिसेट करूनच देतो." माझ्यासमोर रिसेट केला. सुरू करताना फोनने जुनं गुगल खातं मागितलं नाही, त्यामुळे मी आणखीच निर्धास्त झाले. रिसेटनंतर जुनं खातं मागणारं हे कुलूप अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून आहे. ते लागलं नाही म्हणजे फोन चोरीचा नाही, असा मी हिशोब केला. त्याने खातं आधीच काढून टाकलेलं असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही.

नऊ दिवस फोन छान चालला. दहाव्या दिवशी सकाळी रेंज गेली. वाय-फाय चालू, पण फोन लागेना. सिमचा घोळ असेल म्हणून भाच्याचं सिम माझ्या फोनमध्ये टाकलं, तर लगेच चाललं. माझं सिम त्याच्या फोनमध्ये टाकलं, तर ते बंद. त्या माणसाचा नंबर लावला. तोही बंद. इथे पोटात गोळा आला.

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलीने माझ्या हातातल्या बॉक्सकडे ढुंकूनही बघितलं नाही. फोन घेतला, डायलरवर *#०६# हा फोनचा आयएमईआय दाखवणारा कोड दाबला, समोर आलेला नंबर संगणकात टाकला आणि म्हणाली, "हा चोरीला गेल्याची तक्रार आहे, मॅडम. नेटवर्कवर ब्लॉक झालाय." मी म्हटलं, अहो, बॉक्सवर बघा, वॉरंटी आहे. तिने बॉक्स फोनशेजारी ठेवला आणि पेनाचं टोक स्टिकरवरच्या आयएमईआयच्या नवव्या आकड्यावर टेकवलं. "इथून पुढे बघा."

पहिले आठ आकडे हुबेहूब तेच. नवव्यापासून सगळं वेगळं.

आयएमईआय पंधरा आकडी असतो. पहिले आठ आकडे कंपनी आणि मॉडेलचे. एकाच मॉडेलच्या हजारो फोनवर ते सारखेच असतात. पुढचे सहा त्या एका फोनचे, आणि शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून हिशोब करून काढलेला. बँकेच्या कार्डावरचा शेवटचा आकडा ज्या रीतीने ठरतो, तीच रीत. म्हणजे फोनची खरी ओळख मधल्या सहा आकड्यांत, आणि आपली नजर नेमकी सुरुवातीवर. घरी आल्यावर भाच्याने कबूल केलं की पहिल्याच दिवशी त्यानेही हौसेने *#०६# दाबून बघितलं होतं. "मावशी, मी बघितलं होतं गं. ३५ ने सुरू होत होता, बॉक्सवरही ३५." आता काय बोलणार? जगातल्या असंख्य फोनचे नंबर ३५ नाहीतर ८६ ने सुरू होतात. त्या दिवशी त्याने आणखी सात-आठ आकडे पुढे वाचले असते, तर तो माणूस फोन तरी उचलत होता.

सिरियल नंबरचीही तीच गत. बॉक्सवरचा आणि सेटिंगमधला, दोन्हींची सुरुवातीची अक्षरं सारखी, शेपूट वेगळं.

पण मग त्या संध्याकाळी स्क्रीनवर सगळं जुळलं कसं? मी काढलेला तो फोटो रात्री मोठा करून बघितला. वर कोपऱ्यात घड्याळात ११:५२. आम्ही भेटलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बॅटरी ३४ टक्के दिसत होती, आणि कॅमेरा तपासताना मी स्वतः ऐंशीच्या वर बघितली होती. त्याने मला सेटिंग दाखवलंच नव्हतं. गॅलरीतला स्क्रीनशॉट पूर्ण स्क्रीनवर उघडून धरला होता. बॉक्स, बिल आणि स्क्रीनशॉट बहुधा त्याच्याच एखाद्या खऱ्या फोनचे, आणि विकलेला फोन तसाच दिसणारा, भलत्याच कुणाचा. रिसेट का केला तेही तेव्हा कळलं. गॅलरीतला तो फोटो पुसायचा होता. मी मात्र बावळटासारखी त्याच्या फसवणुकीचा पुरावा नऊ दिवस स्वतःच्या फोनमध्ये घेऊन फिरत होते आणि एकदाही नीट बघितला नव्हता.

आणखी एक गोष्ट मला तोवर ठाऊकच नव्हती. सिरियल नंबर हा कंपनीचा मामला आहे: वॉरंटी, दुरुस्ती, कुठला भाग बदलला. चोरीची तक्रार आली की नेटवर्कवाले ब्लॉक करतात तो आयएमईआय. वॉरंटीच्या पानावर सगळं हिरवं दिसलं तरी त्यावरून फोन चोरीचा नाही असं ठरत नाही. मी जे तपासलं ते बरोबर तपासलं होतं, पण एक तर ते दुसऱ्याच फोनचं होतं आणि दुसरं म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे नव्हतंच.

आता कुणी वापरलेला फोन घेताना मला सोबत नेलं तर मी विक्रेत्याच्या हातून काही बघत नाही. फोन माझ्या हातात, *#०६# मी दाबणार. सेटिंगमध्येही मीच जाणार, आणि पान वर-खाली सरकवून बघणार, कारण स्क्रीनशॉट सरकत नाही. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही आयएमईआय, आणि मागून पुढे वाचायचे, म्हणजे डोळा सुरुवातीच्या ओळखीच्या आकड्यांवर रेंगाळत नाही. सिमचा ट्रे बाहेर काढून बघते. काही फोनमध्ये त्यावरही नंबर कोरलेला असतो, पण ट्रे बदलता येतो, त्यामुळे त्याच्यावर फारशी भिस्त नको. चोरीचा नंबर तपासायची सोय असेल तिथे आयएमईआय टाकते, तोही फोनमधून वाचलेला, बॉक्सवरचा नाही. विक्रेते कंटाळतात. कंटाळू देत.

आणि स्वतःच्या फोनचे नंबर आजच कागदावर लिहून ठेवा. फोन गेल्यावर *#०६# कुठे दाबणार? बॉक्स फेकला असेल तर अँड्रॉइडवाल्यांना गुगलच्या हरवलेला फोन शोधायच्या पानावर आयएमईआय सापडतो, आयफोनवाल्यांना ॲपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत.

एवढ्यावर भागलं नाही. माझी हकिगत कुणाकडून तरी ऐकून एकाचा मेसेज आला: "नंबर बदलून देतो, फोन पुन्हा चालू होईल." आधी थोडे पैसे, आणि माझ्या गुगल खात्यावर येणारा कोडही सांगायचा. आयएमईआय बदलणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये तर २००२ पासून त्यासाठी वेगळा कायदाच आहे. खरं सांगायचं तर पैसे गेल्याच्या चरफडीत मी तो मेसेज दोनदा वाचला. मग ब्लॉक केला.

फोन कुणाचा तरी होता, त्यामुळे तो ठेवून घ्यायचा प्रश्नच नव्हता. भाच्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. फोन, बॉक्स, बिल, ११:५२ वाला फोटो, सगळं टेबलावर मांडलं. हवालदारांनी चष्मा लावला, बॉक्स जवळ ओढला आणि स्टिकरवरचा नंबर मोठ्याने वाचत वहीत उतरवायला घेतला. तीन, पाच... सात आकडे झाले, आठ झाले.

"थांबा साहेब," भाचा म्हणाला आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला. "इथून लिहा."