माशी बांधायचं स्वस्त किट : आठ महिने वापरल्यावर

जूनमध्ये ऑनलाइन मागवलं. वाइस (गळ पकडून ठेवणारा शिकंजा), बॉबिन (रीळ दोन पायांत धरून नळीतून धागा सोडणारं), कात्री, हॅकल प्लायर (पीस धरायचा चिमटा), व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायचा आकडा) आणि दाभण, सगळं एका पेटीत. मासे धरायला गळावर पिसं नि केस बांधून नकली माशी करायची, एवढं घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे आता बसून माश्याच मारणार!" असो.

पहिल्या आठवड्यात धागा इतक्या वेळा तुटला की मला वाटलं, धागाच कुजका आलाय. ७० डेनियरचा, म्हणजे बारीक होता, जरा ओढला की खटकन. बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी धाग्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉबिन उचललं, कापसाचा बोळा नळीच्या तोंडावरून फिरवला आणि माझ्यासमोर धरला. कापसाचे दोन तंतू तोंडाला अडकून लोंबत होते. "तोंडाला बर आहे रे, धातूची बारीक धार राहिलीय. धागा कापला जातोय."

मग १००० नंबरचा पॉलिश पेपर सुईवर गुंडाळून नळीचं तोंड आतून हळूहळू फिरवत घासलं. त्यानंतर जाड सुती दोऱ्याला ब्रासो लावून तो नळीतून करवतीसारखा मागे-पुढे ओढला, दोन्ही बाजूंना, चांगली वीस मिनिटं. शेवटी साबणाच्या पाण्याने धुतलं, कारण ब्रासो आत राहिला तर पांढरा धागा काळा होतो (माझा झाला). आता कापूस अडकत नाही.

दुसरी खोड बॉबिनच्या पायांची. रीळ इतकं करकचून धरलेलं की धागा सुटण्याआधी तुटायचा. पाय हाताने थोडे थोडे बाहेर वाकवले. वाकवायचे ते मधून, नळीच्या जोडाजवळ नाही. तिथे जोर लावला तर जोड सुटेल. बॉबिन गळाला लोंबकळत ठेवलं तर जागचं हलू नये, आणि ओढलं तर धागा तुटायच्या आधी रीळ फिरावं, एवढाच ताण ठेवायचा. हे जमल्यावर क्लाउझर मिनो बांधता आला. बॉब क्लाउझर यांची १९८७ ची ही माशी, मूळची अमेरिकेतल्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी. तिला डंबेलसारखे धातूचे डोळे असतात. ते गळावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे आडवे-तिरके वेढे घेऊन बांधतात. ताण कमी पडला की डोळे गोल फिरतात आणि पाण्यात माशी तिरकी पडते. माझ्या पहिल्या सहाच्या सहा तिरक्या पडल्या.

कात्रीची भोकं माझ्या बोटांना लहान. गोल कानशीने आतून रुंद केली. आता कात्री खाली ठेवतच नाही. अनामिकेत अडकवून पातं तळव्यात वळवून धरतो आणि त्याच हाताने धागा गुंडाळतो. सवय व्हायला महिना गेला. एकदा घाईत मोटारीची तांब्याची तार टोकाने कापली, पात्याला खाच पडली ती पडलीच. तार नेहमी मुळाशी कापावी.

हॅकल प्लायर पीस तोडायचा. एका जबड्यावर वायरिंगच्या दुकानातली हीट श्रिंक नळी चढवून मेणबत्तीजवळ धरली, प्रश्न मिटला. व्हिप फिनिशर मातारेली या नावाजलेल्या नमुन्याचा म्हणवतो, पण हूक इतका आखूड की धागा उडतो. तो पेटीत पडून आहे, शेवटची गाठ मी बोटांनीच मारतो.

वाइसबद्दल मात्र तक्रार आहे. ८ नंबरचा गळ ठीक धरतो, पण १/० चा मोठा गळ बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस) आवळताना सरकतो. जबडे घट्ट करायला तरफ जास्त दाबली आणि तिसऱ्या महिन्यात एका जबड्याला चीर गेली. विकणाऱ्याला दोनदा कळवलं, उत्तर नाही. जबडे घासून उपयोग नाही, आणि बाबांच्या मते चिरलेल्यावर वेल्डिंगही नको. जेवणाच्या टेबलावर क्लॅम्पचे वळ उठतात ते वेगळेच. त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर घरात माझ्यासारखं ऐकून घ्या.

खाडीजवळची हवा लोखंड सोडत नाही. ऑगस्टमध्ये दाभणाला आणि प्लायरच्या स्प्रिंगला तांबूस ठिपके आले. आता सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. शिलाई मशीनचं तेल एक थेंब लावतो, पण बांधायला बसण्याआधी पुसून, नाहीतर गाठ पक्की करायला धाग्यावर लावलेलं नेलपॉलिश बसत नाही.

गेल्या रविवारी उरणच्या बाजूला क्लाउझरला वीतभर जिताडा लागला. सोडून दिला. माशी पाहिली तर शेपटीचे अर्धे केस गेलेले, डोळे होते तिथेच. वाइस नवीन घेईन. बॉबिन हेच राहील.